खतात निघालेली पांढरी अळी कुणाची?

आम्ही मुलुंडहून बोलतोय. आमचा अकरा जणींचा बचत गट आहे आणि गेली काही वर्षं आम्ही सोसायट्यांच्या ओल्या कचऱ्याचं खत करतो. मुंबईत शेत नाही आणि खत कशाला, असं गावाकडच्या मैत्रिणी हसून विचारतात. तर झालं असं, की २०१७ साली महापालिकेने मोठ्या सोसायट्यांना सांगितलं, तुमचा ओला कचरा तुमच्याच आवारात जिरवा. ज्यांचा ओला कचरा दिवसाला १०० किलोच्या वर जातो, किंवा ज्यांची जागा २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठी आहे, त्यांच्यासाठी हा नियम. आता भाजीची देठं, केळीची सालं, शिळा भात हे सगळं कुणीतरी कालवायला हवंच ना? ते काम आम्ही घेतलं. महिन्याला ठरलेले पैसे आणि तयार खतातला निम्मा वाटा आमचा. तो पिशव्या भरून आम्ही विकतो. गॅलरीत तुळस, कढीपत्ता लावणाऱ्या बायका घेतात.

आजचं बोलणं एका अळीबद्दल आहे. त्या अळीपायी हे काम आमच्या हातून जवळजवळ गेलंच होतं. आणि खरं सांगायचं तर त्यात थोडी चूक आमचीही होती.

२०२२ चा ऑक्टोबर महिना. पाऊस नुकताच थांबला होता. एका सोसायटीला आम्ही खताच्या बारा पिशव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, ताबडतोब या. गेलो तर एक पिशवी फरशीवर ओतलेली आणि भोवती दहा-बारा माणसं उभी. खतात पाच अळ्या होत्या. पांढऱ्या, जाडजूड, विळ्यासारख्या वाकलेल्या, बोटापेक्षा जाड. एक बाई तर तोंडाला पदर लावून उभ्या. कुणीतरी मोबाइलवर बघून सांगितलं, ही हुमणी आहे, ही झाडांची मुळं खाते, बाग खलास होणार. सेक्रेटरी साहेब म्हणाले, ताई, आम्ही तुमच्याकडे खत मागितलं होतं, कीड नाही. बाराही पिशव्या कचऱ्याच्या गाडीत गेल्या. त्या महिन्याचे पैसेही अडकले.

परत येऊन सगळ्या गोल करून बसलो. आमच्या गटात एक ताई कराडकडच्या आहेत, माहेरी ऊस. त्यांनी अळी बघितली आणि कपाळाला हात लावला. "हुमणीच की ही! आमच्या उसात हीच असती. मुळं खाऊन आख्खा फड पिवळा पाडती." तेवढ्यात गुहागरच्या मावशी पुढे आल्या. त्यांच्या माहेरी माडाची बाग. त्यांनी अळी चक्क हातात घेतली, उलटी केली आणि म्हणाल्या, "अगो, ही हुमणी नाय. ही गेंड्याची अळी. हिला मुळं कशाला हवीत? ही शेणात राहते नि शेण खाते."

आता काय करायचं? दोघीही शेतातल्या, दोघींनीही डोळ्यांनी बघितलेलं. आमच्यासारख्या बीए झालेलीला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शेवटी कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक काका शेजारच्या इमारतीत राहतात, त्यांच्याकडे डबा घेऊन गेलो. त्यांनी परात मागवली, डब्यातल्या अळ्या तिच्यात सोडल्या आणि म्हणाले, आता नुसतं बघत राहा.

मैत्रिणींनो, तुमच्या उकिरड्यात, शेणखताच्या खड्ड्यात अशी अळी हमखास निघते. म्हणून हे जरा सावकाश ऐका.

या सगळ्या अळ्या एकाच मोठ्या कुळातल्या. शेणाचे गोळे करून ढकलत नेणारा शेणकिडा आहे ना, तोही याच कुळातला. सगळ्या पांढरट, सगळ्या वाकड्या, सगळ्यांना पुढे सहा पाय. मागचा भाग काळसर दिसतो. तो रोग नव्हे, पोटातलं खाणं पातळ कातडीतून दिसतं एवढंच. म्हणून घाईत बघणाऱ्याला सगळ्या सारख्याच वाटतात. पण परातीत सोडल्या की फरक कळतो. आमच्या पाच अळ्यांपैकी एक अळी उताणी झाली आणि पाय वर करून पाठीवरच सरसर चालायला लागली! आम्ही सगळ्या ओरडलोच. काका म्हणाले, ही फुलांवर बसणाऱ्या भुंगेऱ्याची अळी. पाठीवर चालणारी दिसली की खुशाल परत खड्ड्यात टाका. ती तुमच्याच वाटचं काम करते, पाला खाऊन त्याच्या बारीक लेंड्या करते. तेही खतच.

उरलेल्या चार पाठीवर चालल्या नाहीत. कुशीवर पडून वळवळत राहिल्या. त्या एवढ्या मोठ्या होत्या, की सरळ केल्या असत्या तर आमच्या मधल्या बोटाएवढ्या किंवा जास्तच भरल्या असत्या. डोकं गडद तपकिरी आणि खडबडीत. हुमणी इतकी मोठी होत नाही, तिचं डोकं पिवळसर तपकिरी असतं. आणखी एक खूण काकांनी भिंगातून दाखवली, सांगायला जरा लाज वाटते, पण उपयोगाची आहे. अळीचं शेपटाकडचं टोक बघायचं. हुमणीची शी करायची जागा तीन फाट्यांची असते. गेंड्याच्या अळीत तीच आडवी, एका रेघेसारखी. गुहागरच्या मावशी म्हणाल्या, एवढं वाकून कोण बघतंय, आम्ही जागेवरूनच ओळखतो. आणि त्यांचं म्हणणं खरंच आहे. हुमणी सापडते मातीत, जिवंत झाडाच्या मुळाशी. गेंड्याची अळी सापडते कुजलेल्या वस्तूत. शेणखत, कचऱ्याचा ढीग, भाताचा कुजका पेंढा, पडून सडलेला माड, अशा ठिकाणी. अळी अगदी लहान असेल तेव्हा मात्र नुसत्या डोळ्यांनी फसायला होतं. तेव्हा जागा बघायची आणि थोडी मोठी होऊ द्यायची.

माडवाल्या मैत्रिणींसाठी अजून एक. माडाच्या खोडात पाय नसलेली पिवळट अळी सापडली तर ती या कुळातली नव्हेच. ती सोंड्या भुंग्याची. ती जास्त धोक्याची. तिचा गेंड्याशी संबंध आहे, तो पुढे सांगतो.

कराडच्या ताईंचं समाधान काही झालं नव्हतं. त्या म्हणाल्या, काका सांगतात ते ठीक, पण मला बघायचंय. मग आम्ही दोन जुन्या टबांत झेंडूची रोपं लावली. एकात नुसती माती, दुसऱ्यात माती आणि वर खत, त्यात तीन अळ्या सोडल्या. तीन आठवड्यांनी रोपं उपटली. दोन्हींची मुळं धड. दुसऱ्या टबातली रोपं तर जास्त तरारलेली. हा काही शास्त्रज्ञांचा प्रयोग नव्हे, पण ताईंनी स्वतःच्या हाताने मुळं झटकून पाहिली आणि मग मान डोलावली.

चौथी अळी आम्ही बादलीत ओलसर खत भरून ठेवली, वर नायलॉनची जाळी बांधली. तेवढ्यावरून या गेंड्याचा सगळा जन्म आम्हाला कळला. मादी कुजलेल्या खतात एकेक अंडं घालते, पांढरं, ज्वारीच्या दाण्याएवढं. आठ-बारा दिवसांत त्यातून अळी निघते. ती दोनदा कात टाकते आणि तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त, नुसती खात राहते. मग मातीची गुळगुळीत कोठडी करून आत कोष होतो. कोषातच नराचं शिंग दिसायला लागतं. तीन-चार आठवड्यांनी भुंगा तयार होतो, पण लगेच बाहेर येत नाही. अंग कडक होईपर्यंत आणखी दोन-तीन आठवडे आतच बसतो. म्हणजे अंड्यापासून उडणाऱ्या भुंग्यापर्यंत निदान पाच-सहा महिने. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचंच काम आहे.

आमचा भुंगा संक्रांतीच्या आठवड्यात निघाला. सकाळी जाळीला आतून धडका मारत होता. काळा कुळकुळीत, पोटाकडून तांबूस, दीड-दोन इंच लांब. डोक्यावर मागे वळलेलं एकच शिंग. शिंगाच्या मागे पाठीवर कुणी चमच्याने उकरल्यासारखा खोलगट भाग आणि त्याच्या कडेला दोन उंचवटे. नराचं शिंग लांब, मादीचं आखूड, आणि मादीच्या शेपटाला तांबूस केसांचा झुबका. दिव्यावर येणाऱ्या मोठ्या शेणकिड्यालाही कधी कधी शिंग असतं, पण त्याच्या डोक्याची पुढची कड फावड्यासारखी चपटी, शेण उकरायला केलेली. गेंड्याची तशी नसते. मुलांनी आमच्या भुंग्यापुढे तिळगूळ ठेवला होता. त्याने काही खाल्ला नाही.

या भुंग्याच्या जातीला शास्त्रात ओरिक्टिस म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ उकरणारा, खणणारा. आपल्याकडच्या या भुंग्याला लिनियस नावाच्या शास्त्रज्ञाने १७५८ सालीच नाव दिलं, तेही गेंड्यावरूनच. म्हणजे स्वीडनमधल्या पंडिताला आणि गुहागरच्या बायकांना एकच प्राणी आठवला! याचा एक भाऊबंद युरोपात आहे. तो लाकडाच्या भुशात, खताच्या ढिगात वाढतो, कुणाचं काही बिघडवत नाही. जर्मनीत तर त्याला कायद्याचं संरक्षण आहे. मग आपल्याकडचाच एवढा बदनाम का? कारण आपल्याकडे माड आहे.

ते आम्हाला फेब्रुवारीत कळलं. त्याच सोसायटीत चौदा माड आहेत. नारळ उतरवायला आलेला माणूस खाली आला आणि म्हणाला, शेंडे कातरलेत. वर बघितलं तर झावळ्यांना कात्रीने त्रिकोण कापावेत तशा खाचा. दोन्ही बाजूंना सारख्या, पंख्यासारख्या. ती गेंड्याचीच सही. अळी कुजकं खाते, पण भुंगा झाला की त्याला हिरवा माड लागतो. रात्री उडत येतो, शेंड्यात घुसतो, न उघडलेली कोवळी झावळी आतून भोकसतो आणि रस चोखतो. झावळी घडी घातलेली असते, म्हणून एक भोक पडलं तरी उघडल्यावर दोन्हीकडे खाचा. घडी घालून कागद कापला की नक्षी होते ना, अगदी तसंच. भोकाच्या तोंडाशी चघळलेला चोथा अडकलेला असतो. कधी पोय पोखरतो, मग तिचे नारळ गेले. लहान रोपाचा कोंबच खाल्ला तर रोप मरतं. आणि त्या जखमेच्या वासावर मागून सोंड्या येतो, तिथे अंडी घालतो. सोंड्याने गाभा पोखरला की उभा माड जातो.

सेक्रेटरी साहेब म्हणाले, बघा, तुमच्याच खड्ड्यातून आले हे. आम्हाला राग आला. बाराही पिशव्या फेकल्या तेव्हा हुमणी म्हणून फेकल्या, आता गेंड्या म्हणून बोलताय. पण रात्री घरी बसून हिशेब केला तेव्हा राग उतरला. आमचा चौथा खड्डा जून ते सप्टेंबर आम्ही उलटलाच नव्हता. वरचा पत्रा गळत होता, चिखलात कोण उतरणार म्हणून टाळलं. नेमके तेच महिने या भुंग्याचे जोराचे. उघडा, ओला, न हलवलेला खड्डा म्हणजे त्याला बाळंतपणाची खोलीच.

मात्र सगळा दोष आमचाही नव्हता. पंपाच्या खोलीमागे एक माड आडवा पडला होता. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, त्यात पडलेला. कुणी उचललाच नाही. गुहागरच्या मावशींनी कोयत्याच्या मुठीने त्यावर ठोकलं, पोकळ आवाज आला. फोडला तर आत साठाच्या वर अळ्या आणि कोष. तेव्हा सगळेच गप्प झाले.

मग काय केलं ते सांगतो. तो माड फोडून तुकडे उन्हात वाळवले आणि आवारातून हलवले. अळ्या काही साबणाच्या पाण्यात गेल्या, बऱ्याचशा वस्तीतल्या कोंबड्यांनी मिटक्या मारत खाल्ल्या. खड्ड्यांवर बारीक जाळी ताणली. दर पंधरा दिवसांनी खड्डा उलटायचा, पावसातसुद्धा, आणि दोन महिन्यांत खत चाळून बाहेर काढायचं. भुंगा व्हायला पाच-सहा महिने लागतात ना, मग दोन महिन्यांत चाळण फिरली तर उडायच्या आधीच अळी आपल्या हातात. औषध एक थेंब लागलं नाही. कराडच्या ताईंनी सुरुवातीला फोरेट टाकायचं म्हटलं होतं, माहेरी टाकायचे म्हणून. पण फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून आपल्या देशात बंदी आहे, आणि आमचं खत लोकांच्या कढीपत्त्याला जातं. खतात विष घालायचं तर खत कशाला करायचं?

माडांवर माणूस चढवला. त्याने लोखंडी तारेच्या आकड्याने भोकांतून भुंगे ओढून काढले, सात निघाले. नंतर निंबोळी पेंड आणि तेवढीच वाळू मिसळून शेंड्याजवळच्या झावळ्यांच्या बेचक्यात भरली. झाडामागे पाव किलो पेंड, वर्षातून तीन वेळा, पावसाच्या आधी, पाऊस सरल्यावर आणि थंडीत. केरळात कासरगोडला नारळावर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे, तिथली ही शिफारस. ज्यांच्याकडे मोठे खड्डे आहेत त्यांच्यासाठी मेटाऱ्हायझियम नावाची हिरवी बुरशी मिळते. ती खतात मिसळली की अळ्यांना रोग होतो आणि त्या मरतात. कोकणातल्या मैत्रिणींनी दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रात विचारावं.

हा भुंगा गावाची वेस ओलांडतो तेव्हा काय होतं, तेही ऐका. १९०९ साली श्रीलंकेहून रबराच्या रोपांबरोबर तो पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटावर गेला. तिथे सगळं जगणं नारळावर. लोकांनी वर्षानुवर्षं भुंगे वेचले, तरी हटेना. शेवटी १९६३ मध्ये मलेशियात एका शास्त्रज्ञाला या भुंग्याला होणारा एक विषाणू सापडला. १९६७ मध्ये तो सामोआत सोडला, तेव्हा कुठे भुंगा आटोक्यात आला. आपल्याकडे लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावरही तो सोडला गेला. पण २००७ मध्ये ग्वाम बेटावर पोहोचलेल्या भुंग्यावर तो विषाणू चालेना. २०१३ मध्ये हवाईतही भुंगा सापडला. म्हणून शेणखत, रोपं, माडाचे ओंडके एका गावाहून दुसरीकडे नेताना आत बघून न्या.

आता उसाकडच्या मैत्रिणींसाठी. कराडच्या ताई दिवाळीला माहेरी गेल्या, तर भाऊ उकिरड्यात औषध ओतत होता. हुमणी मारतोय म्हणे. ताईंनी परात मागवली. उकिरड्यातल्या अळ्या निघाल्या गेंड्याच्या. औषधाचे पैसे गेले, आणि खरी हुमणी उसाच्या मुळाशी आरामात. हुमणीचा बंदोबस्त उकिरड्यात होत नाही. तिची वेळ वेगळी. मे-जूनमध्ये पहिला चांगला पाऊस पडला, की संध्याकाळी तिचे तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर बसतात. त्या संध्याकाळी फांद्या हलवून ते खाली पाडायचे, वेचायचे, रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. वर्षाला तिची एकच पिढी होते. म्हणून तेवढ्या थोड्या संध्याकाळी महत्त्वाच्या, आणि एकट्याच्या शेतात करून भागत नाही. शेजारच्या झाडावरचे भुंगेरे आपल्याच रानात अंडी घालणार. अख्ख्या वाडीच्या बायका एकाच वेळी बाहेर पडल्या तर उपयोग. पुढच्या जूनमध्ये ताईंच्या भावजयीने चौदा जणी गोळा केल्या होत्या.

आमचं म्हणाल, तर सोसायटीचं काम टिकलं. अडकलेले महिन्याचे पैसे मार्चमध्ये मिळाले. त्या बारा पिशव्यांचे मात्र आजपर्यंत मिळाले नाहीत आणि आता मिळतील असं वाटतही नाही. पिशवीवर आम्ही चिठ्ठी लावतो, चाळल्याची तारीख लिहून. कुणी पाठीवर चालणारी अळी आणून दाखवली, तर तिला परत कुंडीत सोडायला सांगतो. बहुतेक जणी ऐकतात. एक आजी ऐकत नाहीत, त्या चिमट्याने उचलून खाली रस्त्यावर टाकतात.

उद्या चौथ्या खड्ड्याची चाळणी आहे. पाऊस आहे, पत्रा अजून गळतोच. मावशींनी परात आजच घासून ठेवली आहे. तुमच्या उकिरड्यात काय निघालं ते या केंद्रावर फोन करून नक्की कळवा.